चार दिवस चाललेलं बारसं

लेफ्तेरिस कालाफातासचं सगळं आयुष्य एका नियमावर चाललं होतं : आधी तपासायचं, मग सही करायची. केपवर, म्हणजे फ्लोरिडात जिथून चंद्राकडे यानं सुटत त्या तळावर, अग्निबाणात इंधन भरणाऱ्या नळांचे छत्तीस व्हॉल्व्ह त्याच्याकडे होते. सहा वर्षांत त्यानं एकाही व्हॉल्व्हवर न तपासता सही केली नव्हती. घरी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभा राहायचा तोही असा, की आर्गिरो, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "अरे, दूध आहे ते, उडणार नाहीये." आणि अशा माणसाच्या तोंडून आयुष्यात एकदाच, न तपासता, एक शब्द निघून गेला. तो निघाला तो मुलाच्या नावाचा.

मुलगा झाला अठरा मेला. त्या दिवशी केपवरून आधीचं यान सुटलं होतं, चंद्राला फेऱ्या मारून परत येणारं, न उतरणारं. सगळे आनंदात होते. तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. हॉजकिससाहेबांनी, म्हणजे त्याच्या वरिष्ठांनी, सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "लेफ्टी, नाव काय ठेवणार?" तीस माणसं त्याच्याकडे बघत होती. लेफ्तेरिसला तीस माणसांनी एकदम कधीच बघितलं नव्हतं. त्याला घाम फुटला, समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात जे लिहिलं होतं ते त्यानं वाचलं आणि म्हणाला, "अपोलो."

बस. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी त्याला उचलून घेतलं. फळ्यावर नाव लिहिलं गेलं. आठवड्याच्या आत गावच्या साप्ताहिकात फोटो आला. पोराच्या डोक्याच्या मापाचं पांढरं हेल्मेट तयार झालं, त्यावर लाल अक्षरात नाव. हेल्मेट बरंच मोठं झालं होतं, त्यात पोराचं डोकं कुठं आहे ते शोधावं लागायचं. तरी फोटो निघाला.

आता ग्रीक घरात पहिल्या मुलाचं नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नसतो. बापाच्या बापाचं. लेफ्तेरिसचे वडील हरालाम्बोस, म्हणून मुलगा हरालाम्बोस. विषय संपला. यावर चर्चा करणं म्हणजे सूर्य कुठून उगवावा यावर मतदान घेण्यासारखं. आणि हे म्हातारेबुवा समुद्राच्या पलीकडे कुठं नव्हते. ते फ्लोरिडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, टार्पनला राहत होते, मोटारीनं चार तासांवर. तिथं चुलतभावांची एक अख्खी फौज होती, आणि त्यातल्या एकानं ते साप्ताहिक म्हाताऱ्याच्या हातात नेऊन ठेवलं.

लेफ्तेरिसनं घाबरत घाबरत फोन केला.

"बाबा, पेपर बघितलात?"

"बघितला."

"मग?"

"मग काय. हवा गरम आहे इकडे," म्हातारा म्हणाला आणि फोन ठेवला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. तरुणपणी समुद्राच्या तळावरून स्पंज काढलेला तो माणूस, तांब्याचं शिरस्त्राण घालून, रबरी नळीतून हवा ओढत. बाराच्या बारा महिने ओरडणारा. तो गप्प बसला, म्हणून लेफ्तेरिसनं पुन्हा पुन्हा फोन केला. पुढच्या तीन फोनांतही हवाच गरम होती.

शेजारच्या मिसेस टटलना कुंपणाला टेकायला निमित्त लागत नसे. "हॅरी ठेवा," त्या म्हणाल्या. "हरा-काय ते तुमचं, त्याचं हॅरी होतंच. सासरा खूश. आणि मधलं नाव अपोलो, साहेब खूश. माझ्या बहिणीनं तेच केलं."

"मग काय झालं?"

"दोघंही बोलत नाहीत तिच्याशी."

इकडे सरकारी कचेरीतून पत्रं यायला लागली. जन्मनोंदीच्या फॉर्मवर मुलाच्या नावाची जागा रिकामी आहे, ती भरावी. लेफ्तेरिस स्वतः गेला आणि समजावून सांगितलं, की आमच्यात बाप्तिस्मा होईपर्यंत मुलाला नाव नसतं, नाव चर्चच्या दारात धर्मबाप मोठ्यानं उच्चारतो, तोपर्यंत ते नुसतं 'बेबी'. खिडकीपलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे दोन महिने तुम्हाला माहीतच नाही?" "मला माहीत आहे," लेफ्तेरिस म्हणाला, "पण अजून कोणी म्हटलेलं नाही." बाईंनी फॉर्मवर 'पालक गोंधळलेले' असं काहीतरी लिहिलं. ते त्याला उलटं वाचता आलं आणि फार लागलं. गोंधळलेला तो होताच, पण शिक्क्यानिशी व्हायची त्याची तयारी नव्हती.

मग चर्चचे फादर. टार्पनच्या फादरांनी अपोलो हे नाव ऐकून दाढीवरून दोनदा हात फिरवला. "हा जुना देव. मूर्ती, नैवेद्य, नको ती भानगड. बिशपसाहेबांचं पत्र आणा." बिशपसाहेबांच्या कचेरीतून तीन आठवड्यांनी उत्तर आलं : असे निर्णय स्थानिक फादरांनी घ्यावेत. ते पत्र घेऊन तो फादरांकडे गेला. ते म्हणाले, "बघा, आता पत्र आलं. आता माझी हरकत नाही." लेफ्तेरिसनं पत्र परत वाचलं. त्यात परवानगी कुठंच नव्हती. पण शिक्का होता.

जूनअखेर मात्र त्याच्यानं राहवेना. एक नवीनच भीती मनात शिरली होती. दोन वर्षांपूर्वी याच नावाच्या यानात, जमिनीवरच, तिघं जळून गेले होते. आता पुन्हा तिघं निघाले होते, आणि या वेळी उतरायचं होतं. समजा, नाही आले परत? पोरानं शाळेत नाव सांगितलं की बाई गप्प होणार. लग्नात नाव पुकारलं की लोक डोळे पुसणार. ही कल्पना त्याला आंघोळीत सुचली, आणि त्या दिवसापासून त्याला नीट जेवण जाईना. आर्गिरो म्हणाली, "मग बदल ना नाव. तुझंच तोंड, तुझंच पोर. बाबा पण खूश होतील."

म्हणून तो हॉजकिससाहेबांच्या टेबलापाशी गेला. हातात टोपी.

"साहेब, ते मुलाचं नाव... बदलावं म्हणतो."

हॉजकिससाहेबांच्या हातातली कॉफी तिथंच थांबली. त्यांनी उठून दार लावलं.

"लेफ्टी. काय पाहिलंस?"

"कुठं?"

"कुठला व्हॉल्व्ह? घाबरू नकोस. मला सांग."

केपवर एक पद्धत होती. कुठल्याही बदलाला कारण लागतं आणि कारण कागदावर लागतं. खिळा बदलला तरी फॉर्म. आणि इथं तर सगळ्या यानात इंधन भरणाऱ्या नळांचा तपासनीस, सोडायला दोन आठवडे राहिलेले असताना, स्वतःच्या पोराला यानाचं नाव द्यायला कचरतोय! याचा अर्थ उघड होता. लेफ्तेरिस बिचारा हात जोडून सांगत होता, "साहेब, वडील आहेत हो, माझे वडील!" साहेब म्हणाले, "दबावाखाली आहेस, कळतंय मला."

दुसऱ्या दिवसापासून छत्तीसच्या छत्तीस व्हॉल्व्ह पुन्हा उघडले गेले. चार माणसं, तीन दिवस. लेफ्तेरिस बाजूला उभा, प्रत्येक व्हॉल्व्ह निर्दोष निघाला की त्याला आनंदही होई आणि शरमही वाटे. बरोबरचे लोक त्याच्याकडे अशा नजरेनं बघत, जणू त्यानं वरातीत नवऱ्यामुलाच्या तब्येतीची चौकशी केली होती. शेवटी त्याच्याकडून लेखी घेतलं : 'नाव बदलण्याच्या विचाराचा यंत्रणेशी काहीही संबंध नाही. कारण : वडील.' तीन प्रती. खाली साहेबांनी स्वतःच्या हातानं जोडलं : 'नाव कायम ठेवण्यात येत आहे.' लेफ्तेरिसनं सही केली. या एका गोष्टीत तपासायला काही उरलंच नव्हतं.

यान सोळा जुलैला सकाळी सुटलं. सगळे व्हॉल्व्ह शहाण्यासारखे वागले. लोक नाचत होते, रडत होते. लेफ्तेरिस एका कोपऱ्यात बसून मनात मोजत होता : बाप्तिस्मा वीस तारखेला, रविवारी, तीन वाजता. हीच एक तारीख फादरांकडे मोकळी होती. आणि नेमकं त्याच दिवशी चार वाजून काही मिनिटांनी ते चंद्रावर उतरणार होते. अगोदर नाव पडणार आणि मग निकाल लागणार.

रविवारी टार्पनच्या चर्चबाहेर सत्तर माणसं. अंगणात दुपारपासून सळईवर मेंढा फिरत होता. साखरेत घोळलेले बदाम जाळीच्या पुड्यांत बांधलेले. धर्मबाप होता सोतिरिस, लेफ्तेरिसचा चुलतभाऊ, स्पंजच्या बोटीचा मालक, पोट पुढे, सूट मागे. त्याच्या खिशात ट्रान्झिस्टर होता आणि त्याचा आवाज मुद्दाम लहान ठेवल्यासारखं तो दाखवत होता.

म्हातारा हरालाम्बोस काठी टेकत आला. एक पाय ओढतच चालायचा तो, लेफ्तेरिसला कळायला लागल्यापासून. चर्चच्या दारात, बरोबर उंबऱ्यावर, त्यानं काठी आडवी धरली.

"थांबा. सुरू करायचं नाही."

लेफ्तेरिस धावत पुढे झाला. आलं, आता आलं, दोन महिन्यांचं तुंबलेलं.

"बाबा, इथं नको, लोक आहेत," तो पुटपुटला. "नावाचं आपण..."

"नावाचं कोण बोलतोय? खाली माणसं आहेत." म्हाताऱ्यानं काठीचं टोक वर आभाळाकडे केलं. तिकडेच त्याचं 'खाली' होतं. "आमच्या बोटीवर माणूस खाली असला, की नवं काम काढायचं नाही आणि बसून जेवायचं नाही. ते वर येऊ देत."

फादर म्हणाले, "अहो कालाफातास, ही बोट नाही, चर्च आहे!"

"मग तर जास्तच पाळायला पाहिजे."

फादरांनी सोतिरिसकडे पाहिलं. धर्मबाप बोलला की सुरुवात करता आली असती. पण सोतिरिस, जो भर बाजारात फौजदाराशी भांडायचा, तो बुटांकडे बघत म्हणाला, "काका म्हणतील तेव्हाच मी तोंड उघडीन."

तेव्हा सगळे थांबले. चार वाजून सतरा मिनिटांनी ट्रान्झिस्टर ओरडला. उतरले! बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, घंटा वाजली, फादरसुद्धा हसले. लेफ्तेरिसच्या जिवात जीव आला. त्यानं पोराला उचललं आणि दाराकडे निघाला.

काठी आडवीच होती.

"बाबा, उतरले ना!"

"उतरायला काय लागतं? मी पण उतरायचो. दगड पण उतरतो. वर आलेत का?"

ते वर केव्हा येणार, हे केपचा माणूस म्हणून लेफ्तेरिसलाच माहीत होतं, आणि ते त्यालाच सांगावं लागलं. चंद्रावरून उद्या उडतील. पण इथल्या समुद्रात पडतील गुरुवारी.

"मग गुरुवारी," म्हातारा म्हणाला. "बोटीच्या डेकवर पाय लागला, की माणूस वर आला. त्याच्या आधी नाही. आणि ऐका, सुखरूप वर आले, तर पोराचं नाव अपोलो. माझी काही हरकत नाही. वर आलेल्याचं नाव चांगलं असतं. पण बुडालेल्याचं नाव मी नातवाला लावू देणार नाही. म्हणून थांबायचं."

लेफ्तेरिसनं पोराला आर्गिरोकडे दिलं. दोन महिने ज्या रागाला तो घाबरत होता, तो राग नव्हताच. दोन महिने म्हातारासुद्धा त्याच भीतीनं झोपला नव्हता, जिच्यानं लेफ्तेरिसला जेवण जात नव्हतं.

"मग फोनवर का नाही बोललात?"

"काय बोलू? तू तिथं नळ तपासणार, आणि मी तुला भीती घालू?"

मेंढ्याचा प्रश्न उरला. चुलतभावांनी बराच खल केला आणि असं ठरलं, की मेंढा काठी आडवी होण्याआधी सुरू झाला होता, म्हणून नव्या कामात मोडत नाही. पण बसायचं नाही. सत्तर माणसं सुटाबुटात, उभ्यानं, ताटल्या हातात घेऊन जेवली. चरबी कपड्यांवर सांडली. मिसेस टटल खास चार तास मोटार चालवून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "किती सुंदर प्रथा आहे ही," आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

सोमवारी चंद्रावर उतरल्याबद्दल सरकारी सुट्टी होती. मंगळवारी लेफ्तेरिसनं नाक्यावरून, नाणी टाकून, केपला फोन केला.

"साहेब, गुरुवारपर्यंत रजा हवी."

"कारण?"

"बाप्तिस्मा चालू आहे."

"रविवारपासून?" हॉजकिससाहेबांनी तिकडे दार लावलेलं ऐकू आलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लेफ्टी, पाण्यात पडायच्या भागाबद्दल तुला काही माहीत आहे का?" त्यांना शांत करण्यात सहा मिनिटं आणि सगळी नाणी गेली.

त्याच दुपारी तो गोदीवर सोतिरिसला गाठायला गेला. सोतिरिस स्पंजांच्या माळा बांधत बसला होता.

"तू सुद्धा? तू तर फादरांनाही भीत नाहीस. बाबांच्या त्या बोटीच्या नियमाला एवढा का भितोस?"

सोतिरिसनं दोरी दातात धरली, सोडली. "बोटीचा कसला नियम? आमच्या कुठल्याच बोटीवर तसला नियम नव्हता. तो काकांनी नंतर केला." मग त्यानं हातातली माळ पुरी बांधली. "पायाचं तुला कधी सांगितलं नाही त्यांनी?"

"अपघात झाला, म्हणाले."

"माझ्या बापाची बोट. काका खाली होते, खोल. वर स्वयंपाक झाला, मासे तळले गेले, आणि सगळे जेवायला बसले. माझा बाप म्हणाला, मासे निवतायत, ओढा त्याला वर. आणि ओढला. सावकाश आणायचं असतं, माहीत आहे ना तुला? थांबत थांबत, नाहीतर अंग लुळं पडतं. सरळ ओढला. डेकवर आले तेव्हा एक पाय मेलेला होता. माझा बाप मरेपर्यंत त्यांच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. काका मात्र त्याला कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून बसून जेवत नाहीत, माणूस खाली असला की."

लेफ्तेरिसला लहानपणीचं सगळं आठवलं. स्पंजच्या मोसमात आई ताट वाढायची आणि बाप खिडकीशी उभा राहून पाव खायचा. त्याला वाटायचं, बाबांना आपल्याबरोबर जेवायला आवडत नाही. चाळीशीला आला, तरी मनात कुठंतरी तेच वाटत होतं. तो सोतिरिसच्या शेजारी दोऱ्यांच्या ढिगावर बसला आणि त्याला रडू आलं, भर दुपारी, गोदीवर, सगळ्यांच्या देखत. मग नाक पुसून त्यानं सोतिरिसच्या कानात काहीतरी सांगितलं. सोतिरिसनं विचारलं, "आणि तुझे केपवाले?"

"ते तिघं परत आले, की माझ्या व्हॉल्व्हवर कोण शंका घेणार?"

"आणि नाही आले तर?"

"तू स्पंज बांध," लेफ्तेरिस म्हणाला.

गुरुवारी दुपारी चर्चच्या पायऱ्यांवर पुन्हा तीच माणसं, बहुतेकांचे तेच कपडे. साडेबारापासून ट्रान्झिस्टरभोवती कोंडाळं. यानाच्या छत्र्या उघडल्या. पाण्यात पडले. म्हातारा हलला नाही. माणसं वर काढली. तरी हलला नाही. शेवटी निवेदक म्हणाला, की तिघंही जहाजाच्या डेकवर पोचले, आपल्या पायांनी चालत गेले.

"चालत?" म्हाताऱ्यानं विचारलं. "स्वतः चालत?"

"हो बाबा. स्वतः चालत."

म्हाताऱ्यानं काठी बाजूला घेतली.

फादरांनी, पुन्हा कोणाला काही सुचायच्या आत, भराभर सुरुवात केली. आर्गिरो पोराला घेऊन पुढे झाली. फादरांनी सोतिरिसकडे वळून विचारलं, "मुलाचं नाव?"

सोतिरिसनं पोट आत घेतलं. "हरालाम्बोस."

काठी फरशीवर दाणकन आपटली. "काय? अरे गाढवा! चार दिवस मी उन्हात कोणासाठी उभा होतो? अपोलो ठरलं होतं! आले ना ते सुखरूप?"

"कालाफातास, शांत व्हा, चर्चमध्ये..."

"तुम्ही थांबा, फादर! या पोराच्या बापाला विचारा!"

लेफ्तेरिस पुढे आला. वडिलांशी एवढ्या लोकांसमोर तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. "बाबा, वर आलेल्याचं नाव ठेवायचं, असं तुम्हीच म्हणालात ना? तुम्ही पण आलात वर."

म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलं, मग सोतिरिसकडे. सोतिरिसनं या वेळी बुटांकडे बघितलं नाही. म्हाताऱ्यानं टोपी काढली, चुरगळली, तिनंच डोळे पुसले, आणि बाजूच्या बाकावर बसला.

"मला नीट ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "परत म्हण."

"हरालाम्बोस," सोतिरिस म्हणाला.